वहाणेचे आयुष्य

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांतील चैत्य, विहार, पाण्याची टाकी आणि शिलालेख यांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले. परंतु तेथे वर्षावास करणारे भिक्षू पायांत काय घालीत आणि ते कसे टिकवीत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रश्न क्षुल्लक वाटेल. पाली विनयपिटकाने मात्र तो क्षुल्लक मानलेला नाही. महावग्गात चामड्याच्या वस्तूंविषयी एक संबंध प्रकरण आहे. सोण कोळिविस हा अत्यंत सुकुमार पायांचा श्रीमंत तरुण भिक्षू झाला आणि चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले, तेव्हा बुद्धाने एकपदरी तळाच्या वहाणांची परवानगी दिली, असे तेथे सांगितले आहे. त्याच प्रकरणात पुढे अवंती आणि दक्षिणापथ या प्रदेशांसाठी नियम अधिक सैल केला आहे. तेथील जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडवून टोचरी झालेली; म्हणून तेथील भिक्षूंनी अनेक पदरी तळाच्या वहाणा वापराव्यात! फाल्गुन-चैत्रात जुन्नरच्या शिवारात जो अनवाणी चालला असेल, त्याला या नियमामागील अनुभव समजावून सांगण्याची गरज नाही.

याहून मौजेची गोष्ट चुल्लवग्गात आहे. विहारात नव्याने आलेल्या भिक्षूने वहाणा काढाव्यात, झटकाव्यात, आणि पुसताना आधी कोरड्या फडक्याने व मग ओल्या फडक्याने पुसाव्यात, असा आचार तेथे घालून दिला आहे. चामड्याची निगा सांगणारा आजचा जाणता कारागीरही आरंभी हेच सांगतो. चिखलाने माखलेल्या जोड्यावर प्रथम ओले फडके फिरविले की धुळीतील बारीक खडे पाण्याबरोबर कातड्याच्या छिद्रांत शिरतात आणि पुढे चालताना आतून कापीत राहतात. कोरड्याने आधी, ओल्याने मागाहून. दोन हजार वर्षांत या वाक्यात सुधारणा करण्याचे कोणास कारण पडलेले नाही.

आपला 'वहाण' हा शब्दही त्या काळाशी नाते सांगतो. संस्कृत 'उपानह्', पालीत 'उपाहना', प्राकृतात आदिस्वर गळून 'वाहणा', आणि मराठीत वहाण. 'जोडा', 'पायतण', 'चप्पल', 'बूट' हे मागाहून आले आणि दारात वहाणेच्या शेजारी बसले. दोन हजार वर्षे टिकलेल्या या शब्दाची वस्तू मात्र वर्ष-दीड वर्षात फेकून देण्याची सवय आपणांस अलीकडे लागली आहे. पूर्वी ती किती दिवस टिके, कशाने टिके, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या हातांनी टिके, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

त्यासाठी लेण्यांपासून थोडे पश्चिमेस जावे लागेल. ओतूरहून माळशेज घाटाकडे निघाले की घाटाच्या अलीकडे मढ हे गाव लागते. येथून पश्चिमेस पाऊस झपाट्याने वाढत जातो, शेते भाताची होतात, आणि डोंगरउतारांवर व बांधांवर एक सरळ खोडाचे, मध्यम उंचीचे झाड दिसू लागते. ते हिरड्याचे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यांत महादेव कोळी आणि ठाकर लोकांची वस्ती आहे. या लोकांच्या वर्षाच्या हिशेबात भाताच्या खालोखाल जर कशाला स्थान असेल तर ते हिरड्याला. वैद्यकातील हरीतकी ती हीच. मध्यमवर्गीय घरांत हिरडा माहीत असतो तो बाळाच्या गुटीत उगाळण्यापुरता किंवा त्रिफळाचूर्णातील तिसरा भागीदार म्हणून. परंतु जगाच्या बाजारात या फळाची जी किंमत झाली ती पोटासाठी नव्हे, कातड्यासाठी. पिकून सुकलेल्या हिरड्याच्या गरात शेकडा तीसच्या आसपास टॅनिन असते. आणि टॅनिनावाचून कातडे हे कातडे नव्हे, ते केवळ वाळलेले मांस होय.

हा भेद नीट समजला म्हणजे जोड्याच्या निगेविषयी निम्मे समजले. जनावराच्या अंगावरून उतरविलेले चामडे ओले ठेवले तर सडते आणि वाळविले तर लाकडासारखे कडक होते. त्यातील तंतूंना टॅनिन जाऊन घट्ट बिलगले म्हणजे ते सडत नाहीत, आणि सुकले तरी एकमेकांस चिकटून बसत नाहीत. यालाच कातडे कमावणे म्हणतात. महाराष्ट्रात हे काम ढोर समाजाकडे होते आणि कमावलेल्या कातड्याच्या वस्तू करणे चांभार समाजाकडे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ साली प्रसिद्ध झाला. त्यात या दोन्ही समाजांची माहिती आहे. कृती थोडक्यात अशी. चामडे धुऊन चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजवावयाचे, केस सुटले म्हणजे रापीने खरडावयाचे, चुना धुऊन काढावयाचा, आणि मग बाभळीची साल व कुटलेला हिरडा यांच्या काढ्यात ते मुरवावयाचे. शेवटी त्याच चामड्याची पिशवी शिवून, तीत काढा भरून ती तिकाटण्याला टांगीत. काढा आतून बाहेर झिरपे, खालच्या भांड्यात जमे, पुन्हा वर ओतला जाई. काही दिवसांनी पिशवीचे तोंड खाली आणि बूड वर करून पुन्हा तेच. सर्व मिळून तीन-चार आठवडे जात. हात दिवसरात्र काढ्यात, नाकाशी ती दुर्गंधी, आणि राहणे गावाबाहेर.

बाभूळ आणि हिरडा यांची जोडी ज्या कोणी प्रथम जमविली त्याच्या पारखीचे कौतुक करावे तेवढे थोडे. नुसत्या बाभळीने कातडे भरदार होते, पण तांबूस आणि ताठर राहते. नुसत्या हिरड्याने ते फिके आणि नरम होते, पण अंगात भरत नाही. शिवाय हिरड्याचा काढा आंबला की त्यात सौम्य आम्ल उत्पन्न होते, त्याने चामडे फुगते आणि बाभळीचा रस आतपर्यंत पोचतो. ही रसायनविद्या कोणत्याही पोथीत लिहिलेली नव्हती.

असे कातडे गावात पहिल्याने लागे ते पायांसाठी नव्हे, मोटेसाठी. विहिरीवरील मोट, तिची सोंड, नाडा, आसूड, बैलाच्या गळ्यातील पट्टे, आणि या सर्वांच्या मागून वहाणा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. चांभाराला सुगीत जे धान्य मिळे ते मुख्यतः दुरुस्तीबद्दल असे. मोट फाटली, टाका उसवला, अंगठा तुटला, तळ झिजला, की वस्तू त्याच्याकडे जाई आणि त्या वेळी पैसा द्यावा लागत नसे. नवी वहाण हा निराळा व्यवहार. याचा परिणाम असा की वस्तू लवकर फाटण्यात चांभाराचाच तोटा होता! जितका टाका पक्का, जितके कातडे चांगले, तितके त्याचे पुढचे काम कमी. आजच्या कारखानदाराचा लाभ याच्या नेमका उलट दिशेस आहे, आणि जोड्यांचे आयुष्य का घटले याची कारणे शोधताना हे एक कारण मला रसायनाहूनही मोठे वाटते.

घरधन्याकडे राहिलेले काम एकच, तेल पाजण्याचे. 'वहाणांना तेल पाजणे' हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग किती यथार्थ आहे पाहा. तेल लावणे नव्हे, चोपडणे नव्हे, पाजणे. नवी करकरीत वहाण आणली की ती पायाला चावते. तिला रात्री तेल पाजून ठेवावे, सकाळी उरलेले पुसून काढावे, आणि पहिले आठ दिवस थोडे थोडेच चालावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा पुन्हा पाजावे. यासाठी तेल निवडण्यातही शहाणपण होते. एरंडेल आणि करंजाचे तेल ही हवेत सुकून घट्ट होणारी तेले नव्हेत. ती तंतूंमध्ये ओलसर राहतात आणि तंतू एकमेकांवर सरकू देतात. करंजतेलाच्या कडूपणामुळे कीडही दूर राहते. उलट जवसाचे तेल हवेत सुकून त्याची कातडी बनते. रंगाऱ्याला ते गुणाचे, जोड्याला अवगुणाचे. करडईचेही थोडेफार तसेच. तेल कोणतेही असो, ते थोडे हवे. फार पाजलेली वहाण ढिली पडते, धूळ धरते, आणि तिच्या तळाचे टाके सैल होतात. भिजलेला जोडा चुलीजवळ वाळविण्याची चूक तर बहुतेकांनी एकदा केलेली असते. मीही केली आहे. बाभूळ-हिरड्याने कमावलेले कातडे ओले असताना ७५ ते ८५ सेंटिग्रेड अंशांपलीकडे तापले तर एकदम आकसते, आणि मग कितीही तेल पाजा, ते पूर्ववत होत नाही. सावलीत, वाऱ्यावर, आत जुने कागद किंवा पेंढा कोंबून दोन दिवस लागले तरी चालेल. पण तेथे उतावीळपणा नको. जोड्यालाही एक दिवसाआड विसावा हवा. पायाचा घाम आत मुरलेला असतो, तो एका रात्रीत निघून जात नाही.

टाचेच्या नालेविषयीही येथेच सांगतो. हिरड्याचे टॅनिन आणि लोखंड यांचा पाण्यात संयोग झाला की काळा रंग तयार होतो. आपल्या पोथ्या लिहिणाऱ्यांनी हिरडा आणि हिराकस यांची शाई केली ती याच गुणावर, आणि कातडे काळे करण्याची जुनी युक्तीही हीच. परंतु तोच गुण नालेच्या खिळ्याभोवती शत्रू होतो. पावसात भिजून गंजलेल्या खिळ्याभोवतीचे कातडे काळे पडते, ठिसूळ होते आणि भोक मोठे होऊन नाल गळते. म्हणून नाल मारलेला जोडा पावसाळ्यात वापरला तर खिळ्यांच्या जागी आधी मेण किंवा चरबी भरावी.

ही सर्व व्यवस्था ऐकावयास गोड वाटते. ती तशी नव्हती. वहाणेचे दीर्घायुष्य ज्या साखळीवर अवलंबून होते तिची पहिली कडी म्हणजे मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम. ते महार समाजावर लादलेले होते, आणि त्या कामामुळेच त्याला अस्पृश्य म्हणावयाचे! ज्यांच्या हातून गावाच्या पायांत वहाण येई, त्यांनाच कित्येक गावांत वरिष्ठ म्हणविणाऱ्यांच्या आळीतून वहाण घालून जाण्याची मुभा नव्हती. ती काढून हातात किंवा काखेत घ्यावी लागे. अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या एका चर्मकार उपासकाचे दान त्याच्या व्यवसायासह कोरलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांतही धान्याचे व्यापारी, कासार आणि बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. धंद्याचे नाव दगडावर अभिमानाने कोरण्याच्या त्या काळापासून वहाण काखेत मारून चालण्याच्या काळापर्यंत समाज कसकसा घसरत आला, हा निराळ्या ग्रंथाचा विषय आहे.

१९२७ सालच्या मार्च महिन्यात महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाण्याचे सोडण्याचा उपदेश केला. त्यानंतर गावोगावी मेलेली गुरे ओढण्याचे काम नाकारले जाऊ लागले, आणि या नकारापायी पुष्कळांनी गावाचा बहिष्कार सोसला. पुढे मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. गावच्या कातड्याचा पुरवठा तुटला तो असा. तो तुटावयासच हवा होता. 'पूर्वीच्या वहाणा काय टिकत!' असे हळहळणाऱ्याने त्या टिकण्याची किंमत कोण भरीत होते हेही आठवावे. दुसऱ्या टोकाला विहिरीवर इंजिने आणि पुढे विजेचे पंप आले, मोट गेली, आणि मोटेबरोबर चांभाराच्या बलुत्याचा मुख्य आधारही गेला. राहिली नुसती वहाण. आणि नुसत्या वहाणेच्या ठिगळांवर कोणाचे कुटुंब चालणार?

इकडे शहरांत बूट अगोदरच आला होता. कानपूर येथे १८६० नंतरच्या दशकात सरकारी खोगीर-सामानाचा कारखाना उभा राहिला. मुंबईत सर आदमजी पीरभाई यांचा धारावीतील कातड्याचा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागात नावारूपास आला. पलटणीला बूट हवे होते आणि बुटाला कातडे. विलायतेतही हीच भूक होती. त्यामुळे सह्याद्रीचा आणि मध्य हिंदुस्थानचा हिरडा पोती भरभरून मुंबई बंदरातून जाऊ लागला. तिकडच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या जातींना भिमलीपट्टण, जबलपूर, वेंगुर्ले अशा बंदरांची व गावांची नावे दिली होती. डोंगरात हिरडा वेचणाऱ्याला याचा पत्ता नव्हता. १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारच्या हाती एकवटले आणि रानातल्या फळापानाला परवाना, ठेका, व्यापारी असे मध्यस्थ आले. विलायतेच्या पायांतील बूट ज्या फळाने टिकाऊ झाला, ते फळ वेचणारा मात्र बहुधा अनवाणीच डोंगर चढत होता.

आणि याच काळात एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. इंग्लंडातील ग्रंथालयांत जुन्या पुस्तकांच्या बांधण्या शाबूत होत्या, आणि नव्या बांधण्यांचे कातडे पन्नास वर्षांच्या आत लाल पडून भुकटी होऊन हाताला लागत होते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० साली या प्रकाराच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या अहवालातून निघालेला निष्कर्ष असा की, दिव्याच्या वायूतील आम्ल, प्रखर उजेड आणि रंगविताना वापरलेले गंधकाम्ल हे शत्रू खरेच. परंतु टॅनिनाच्या जातीवरही पुष्कळ अवलंबून असते. टॅनिनाच्या दोन जाती मानल्या जातात. तरवड आणि बाभूळ एका जातीतली, हिरडा दुसऱ्या. पहिल्या जातीने कमावलेले कातडे हवेतील आम्लाला लवकर बळी पडते. दुसऱ्या जातीचे पुष्कळ अधिक टिकते. आमच्या ढोरांच्या पिशवीत बाभळीबरोबर हिरडा का पडत होता, याचे एक उत्तर असे लंडनहून आले. वाचकांच्या कपाटात जुन्या कातडी पुठ्ठ्याची पुस्तके असतील तर पुठ्ठ्याच्या कण्यावरून बोट फिरवून पाहावे. तांबडी पूड लागली तर तेथे तेल चोळून उपयोग नाही. मेलेल्या तंतूला तेल जिवंत करीत नाही. जोड्याचेही तसेच आहे.

त्यानंतर क्रोम आले. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ती कृती आपल्या देशात रुजविण्याचा उद्योग केला. आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांत होऊ लागले, कातडे हलके व नरम झाले, आणि पाण्याला व उष्णतेला ते चांगलेच दाद देईनासे झाले. १९३० नंतर कलकत्त्याजवळ बाटाचा कारखाना निघाला आणि ठरीव किमतीचा तयार जोडा गावोगावच्या बाजारपेठेत पोचला. १९०६ साली ऑस्ट्रेलियात निघालेले किवी पॉलिश, आणि त्यासारख्या इतर गोल डब्या, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फौजांबरोबर जगभर पसरल्या. बलुतेदार गेला आणि त्याच्या जागी डबी आली. परंतु डबीत मेण आणि रंग असतो, पोषण थोडेच. मेण कातड्याच्या पाठीवर बसते, पाणी बाहेर ठेवते, चकाकी देते. ते आत शिरत नाही. क्रोमच्या गुळगुळीत बुटाला ते पुरेसे आहे. बाभूळ-हिरड्याच्या वहाणेला मात्र तेच थरावर थर चढवीत गेले तर वर चकाकी आणि आत कोरडेपणा, अशी स्थिती होऊन ती पट्ट्याच्या वळणावर तडकते. तेव्हा आपल्या पायांतील जोडा कोणत्या जातीचा, हे आधी ओळखावे. कापलेली कड पाहिली की पुष्कळदा समजते: क्रोमची कड आत फिकट निळसर-करडी दिसते, सालीच्या कातड्याची बदामी किंवा तांबूस. पहिल्याला ब्रश आणि मेण. दुसऱ्याला फडके आणि तेल. बुरशी दोघांनाही येते. ती उन्हात नव्हे, वाऱ्यावर घालवावी, आणि श्रावणात जोडे बंद पेटीत कधी ठेवू नयेत.

साल आणि हिरड्याने कमावलेले कातडे आज मुख्यतः कोल्हापुरी वहाणेत उरले आहे. २०१९ साली महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील एका मोठ्या पेढीने तशाच घडणीची वहाण मिलान येथे आपली म्हणून मांडली, तेव्हा महाराष्ट्रात बराच गवगवा झाला. तो योग्यच होता. मात्र त्या गवगव्यात वहाण शिवणाऱ्याचे नाव थोडेफार निघाले, कातडे कमावणाऱ्याचे क्वचित, आणि हिरडा वेचणाऱ्याचे मुळीच नाही.

मढच्या पश्चिमेकडील वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत गेले तर अंगणांत हिरडा वाळत घातलेला दिसतो. आता तो मुख्यतः बाळहिरडा. कोवळेपणीच झाडावरून उतरविलेला, औषधाच्या व्यापारासाठी. कातडे कमावण्यासाठी लागणारा मोठा हिरडा हिवाळ्यात झाडावर पिकतो, त्याची मागणी पूर्वीसारखी राहिलेली नाही. उंच फांदीवर चढून काठीने झोडपणे, खाली वेचणे, वाळविणे, आणि पावसाच्या आत विकणे, हे सर्व पाच-सहा आठवड्यांत उरकावे लागते. फांदी मोडून माणूस पडल्याच्या हकिकती या भागात नव्या नाहीत. २०२० साली ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ या डोंगरांवरून गेले आणि झाडांची व गोळा केलेल्या मालाची मोठी हानी झाली. भाताची नुकसानी मोजण्याची रीत सरकारदप्तरी आहे. हिरडा हे पीक मानावयाचे की रानातील फळ, येथूनच वाद सुरू झाला, आणि भरपाईसाठी जुन्नर-आंबेगावच्या आदिवासींना पुढे कितीतरी महिने मोर्चे व धरणी धरावी लागली.